फ्राउकेच्या रॅकेटला कुंकू

तुम्ही काय काम करायचात, असं कुणी विचारलं आणि मी "टेनिस रॅकेटला दोऱ्या ओवायचे, गटिंग करायचे" असं सांगितलं, की समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघतो. मागे नवरा असेल, भाऊ असेल, त्याचं दुकान असेल आणि ह्या बाई गल्ल्यावर बसत असतील, असा त्याचा अंदाज. मागे कुणी नसतं हो. होते ती मीच. आमचे हे सिंगापुरात, तुआसच्या जहाजांच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांनी जन्मात रॅकेट हातात धरलेली नाही. डासांची इलेक्ट्रिकवाली धरली असेल तेवढीच.

दुसरा प्रश्न असतो गावाचा. मी मिरजेची. की लगेच, "अरे वा, तंबोऱ्यांचं गाव! म्हणजे तारा तुमच्या रक्तातच!" रक्तात काही नाही. आमचे वडील पोस्टात होते आणि आमच्या घरात वाजणारी वस्तू म्हणजे प्रेशर कुकर. भजनी मंडळात मला टाळसुद्धा देत नसत, नुसती चटई अंथरायला सांगत.

शिकले ती इथे, सिंगापुरात. तेव्हा आम्ही क्वीन्सटाउनला राहायचो. लेक मुग्धा शाळेत टेनिस खेळायची आणि इतक्या जोरात खेळायची की दर थोड्या दिवसांनी रॅकेटची दोरी तोडून घरी. आमच्या ब्लॉकखाली टान अंकलचं खेळाच्या सामानाचं दुकान. रॅकेट त्यांच्याकडे द्यायची आणि होईपर्यंत स्टुलावर बसून बघायचं, हा माझा उद्योग. घरी जाऊन तरी काय करणार? भाजी तरी किती निवडणार? बघता बघता एक दिवस मी म्हटलं, "अंकल, ती दोरी तुम्ही चुकून दोनदा वरून घातलीत." अंकलनी चष्मा कपाळावर चढवला, बघितलं, दोरी उसवली आणि उठून उभे राहिले. "यू सो क्लेव्हर, यू डू लाह!" मला वाटलं रागावले. ते शेजारच्या टपरीवर कॉफी प्यायला गेले. परत आले तोवर माझ्या चार दोऱ्या घालून झाल्या होत्या. त्यातली एक चुकली होती, पण ती गोष्ट आम्ही दोघांनी वाढवली नाही.

हे काम असतं कसं, ते सांगते. रॅकेटची नुसती चौकट म्हणजे न विणलेली बाज समजा. आधी उभ्या दोऱ्या, मग आडव्या, एक वरून एक खालून. प्रत्येक दोरी मशीनने ठरलेल्या ताणापर्यंत ओढायची, चिमट्यात पकडायची, मग पुढची. सगळा खेळ त्या ताणाचा. ताण जास्त असला की चेंडू ऐकतो, सांगाल तिथे जातो, पण हाताला हिसका बसतो. कमी असला की हात सुखात, पण चेंडू मोकाट सुटतो. आता तुमचा हात कसा, वय काय, राग किती, ह्यावर ज्याचा त्याचा ताण. शिंप्याला जसं गिऱ्हाईक दारातून आत येतानाच कंबर दिसते, तसं आम्हाला ताण दिसायला लागतो.

आमच्या मराठी मंडळातले एक बँकवाले गृहस्थ होते. कॉन्डोत राहायचे, कॉन्डोला टेनिस कोर्ट, म्हणून टेनिस. ते आले आणि एका जगज्जेत्याचं नाव घेऊन म्हणाले, "काकू, त्याचा जो ताण आहे ना, डिट्टो तोच द्या." मी म्हटलं, "भाऊ, त्याचा हात बघा आणि आपला बघा." नाही, तोच पाहिजे. दिला. आठवड्याने त्यांच्या मिसेसचा फोन. "काकू, तुम्ही ह्यांच्या रॅकेटला काय केलंत? ह्यांना पोळीचा तुकडा मोडता येत नाहीये, मी भरवतेय!" मग मी त्यांना बोलावलं, ताण चांगला उतरवून दिला आणि गंभीर चेहरा करून सांगितलं, "हा त्याच खेळाडूचा हिवाळ्यातला ताण." गृहस्थ खूश. सिंगापुरात हिवाळा कुठला, हा प्रश्न त्यांना आजतागायत पडलेला नाही. बँक कशी चालवायचे कोण जाणे.

टान अंकलच्या ओळखीने मी मोठ्या स्पर्धांना जायला लागले. तिथे आमची एक खोली असते. कोर्टाच्या पोटात, बिनखिडकीची, थंडगार एसी आणि मशीनची रांग. खेळाडू येऊन रॅकेट टाकतात, ताण सांगतात, जातात. माझ्या शेजारच्या मशीनवर कायम हसन. हा मलय माणूस, माझ्याहून थोडा लहान, हात एकदम साफ आणि तोंड अखंड चालू. त्याच्या बायकोने केलेले कुए, म्हणजे तांदळाच्या गोड वड्या, आणि माझ्या दडप्या पोह्यांची रोज अदलाबदल. तो मला आंटी म्हणायचा, मी त्याला हसन म्हणायचे आणि घरी आमच्या ह्यांना त्याचे किस्से सांगताना "आमचा हसन" म्हणायचे. एक खंत मात्र आहे. इतकी वर्षं त्या खोलीत काढली, पण सामना म्हणून धड एक पाहिला नाही. भिंतीवर एक बिनआवाजाचा टीव्ही. ज्यांच्यासाठी बोटं झिजवायची ती माणसं त्या टीव्हीत मुक्याने पळताना दिसायची, तेवढंच.

ह्याच खोलीत मला फ्राउके भेटली.

जर्मनीची. पहिल्यांदा आली तेव्हा शाळेतून सुटल्यासारखी दिसत होती. उंच, काटकुळी, नाकावर ऊन लागून सालं निघालेली. मी केलेली रॅकेट घेऊन तरातरा परत आली आणि टेबलावर ठेवली. (आमचं बोलणं इंग्रजीत, पण मी माझ्या भाषेत सांगते, नाहीतर मलाच मजा येणार नाही.)

"हा माझा ताण नाही."

हसनने मान खाली घातली. तो अशा वेळी एकदम कामसू होतो. मी रॅकेट तपासली. तिने सांगितलेलाच ताण होता. मी तिच्याकडे बघितलं. ओठ पार सुकलेले.

"जेवलीस का?"

"काय?"

"काल विमानातून उतरलीस, त्यानंतर जेवलीस का?"

तिने विचार केला. खरंच विचार करावा लागला तिला. मी डबा उघडून पुढे केला. दडपे पोहे, वर ओलं खोबरं. मुलगी उभ्याउभ्या अर्धा डबा संपवून गेली. पुन्हा रॅकेट उचलली, तळहातावर थापटली आणि म्हणाली, "आता बरोबर आहे. काय बदललंत?"

"मिरची घातली," मी म्हटलं. हसन मशीनखाली काहीतरी पडल्यासारखं करून हसत बसला.

तेव्हापासून दर वर्षी सिंगापूरला आली की आधी डबा उघडायची, मग बॅग.

तिची सगळी कारकीर्द मी अशी रॅकेटमधून पाहिली. तिचे सामने पाहिले नाहीत, पण तुटलेल्या दोऱ्या पाहिल्या. सुरुवातीला सगळ्या दोऱ्या बरोब्बर मधोमध तुटायच्या. म्हणजे चेंडू रोज एकाच जागी बसतोय. मी हसनला म्हणायचे, "ही पोरगी वर जाणार." गेली. एका मोठ्या स्पर्धेत अगदी शेवटच्या आठांत पोचली, पेपरात फोटो बिटो. त्या वर्षी तिच्याबरोबर एक मॅनेजर होता, रॅकेट तो आणायचा, ही मागून रिकाम्या हाताने. मला तो आवडला नाही, पोह्यांना नाक मुरडलं त्याने. मग दोन वर्षांनी दोऱ्या कुठेही तुटायला लागल्या. कडेला, खाली, चौकटीपाशी. म्हणजे चेंडू जागेवर बसत नाहीये. त्या वर्षी तिने टेबलावर वाकून हळूच सांगितलं, "आंटी, ताण थोडा कमी." हळूच, कारण मागे रांगेत दुसऱ्या खेळाडू होत्या. ताण कमी म्हणजे खांदा दुखतोय, हे सगळ्यांना कळतं. मग मॅनेजर गेला. मग फुकट दोरी देणारी कंपनी गेली. मग फ्राउके आपली आपण बॅग उचलून, दोरीचं आपलं रीळ आपण घेऊन यायला लागली. खांद्यावर ऑपरेशनची खूण. पण पोहे तसेच, अर्धा डबा.

आणि मग ते वर्ष आलं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

स्पर्धा नेहमीप्रमाणे नवरात्रातच होती. फ्राउकेचा क्रमांक इतका घसरला होता की तिला मुख्य स्पर्धेत थेट जागा नव्हती. आधी पात्रता फेऱ्या खेळायच्या, त्या जिंकल्या तर आत. शेवटच्या पात्रता सामन्याच्या आदल्या दिवशी ती रॅकेट टाकायला आली आणि स्टूल ओढून बसली. तशी ती कधी बसत नसे.

"आंटी, उद्या जिंकले तर मुख्य स्पर्धेत जाईन. त्याचे गुण मिळाले की क्रमांक पुरेसा वर येतो, अजून एक वर्ष खेळता येईल. हरले तर परवा घरी."

"घरी म्हणजे? सुट्टीला?"

"कायमची. आमच्या गावच्या क्लबात नोकरी ठरलीय, मुलांना शिकवायची. चांगली आहे नोकरी. मला नकोय असं नाही." ती आपल्या खांद्यावर हात फिरवत होती. "फक्त आत्ता नकोय. अजून एक वर्ष पाहिजे. शेवटचं आहे हे माहीत असताना एक वर्ष खेळायचंय. आजवर प्रत्येक सामना घाबरत खेळले, आंटी. एक वर्ष मजेत खेळायचंय."

मी तिच्या रॅकेट सगळ्यांच्या आधी घेतल्या. रिळात दोरी जेमतेम उरली होती. चार रॅकेट केल्या, पाचवीला लागेल एवढी शिल्लक राहिली. पाचवीची तुटलेली दोरी कापून काढली आणि ती अडीअडचणीला म्हणून तशीच बॅगेत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दर वर्षी ह्या दिवशी माझं मशीन पुसून लख्ख करून, हळदकुंकू वाहून, टेक्काच्या बाजारातून आणलेल्या झेंडूची माळ घालून ठेवायची आणि मग त्याला हात लावायचा नाही, हा माझा नेम. दसऱ्याला उत्तरपूजा करूनच काम. टान अंकलच्या दुकानातही मी हे पाळलं आणि इथेही. हसन माझ्या त्या दिवसाचं काम करायचा, मी त्याच्या ईदचं. पात्रता फेरीला तसंही काम कमी असतं.

सकाळी पूजा मांडली होती, मशीनपुढे देवीचा टाक ठेवून. हसनने स्वतःहून आपल्या मशीनला एक झेंडूचं फूल खोचून घेतलं होतं, "सेम-सेम लाह" म्हणून. इतक्यात फ्राउके आली. तिला हे दर वर्षीचं ठाऊक होतं. बॅगेतून चारही रॅकेट काढून तिने मशीनसमोर मांडल्या.

"माझ्याही हत्यारांची करा."

मी मुठीवर कुंकू लावायला बोट पुढे केलं तर म्हणे, "तिथे नको. चेंडू लागतो तिथे लावा."

"अगं, दोऱ्यांवर?"

"मधोमध. पूर्वी तुटायच्या ना, तिथे."

असं म्हटल्यावर मी विरघळलेच. हळद कालवलेली होती, कुंकू ओलं होतं, आणि मी कंजुषी करणारी बाई नव्हे. चारही रॅकेटवर दोऱ्यांच्या बरोब्बर मधे अस्सल ठसठशीत हळदकुंकू. वर अक्षता. ती हात जोडून उभी राहिली, डोळे मिटून, आणि गेली.

दुपारी सामना सुरू झाला. हसन टोपी घालून शुक्रवारच्या नमाजाला गेला. मी खोलीत एकटी, टीव्हीसमोर. फ्राउकेसमोर एक लांब वेणीची पोरगी, वयाने तिच्या निम्मी. मी बघतेय, तर टेनिसचा पिवळा चेंडू केशरी दिसतोय. म्हटलं टीव्ही बिघडला. उठून टीव्हीला एक थाप मारली. चेंडू लाल झाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातातला कुए तसाच टाकला आणि धावले.

कोर्टाच्या दारात पोचले तर सामना थांबलेला. वेणीवाली पंचाला चेंडू दाखवतेय, हातवारे करतेय. तिचा पांढराशुभ्र फ्रॉक, त्यावर पोटाशी एक गुलाबी गोळा. चेंडू बसला असणार. फ्राउके टॉवेलने रॅकेट पुसतेय. आता हळद पुसून जाते का कधी? ती पसरते. मधला टिळा होता तो अख्ख्या रॅकेटभर झाला. टॉवेल पिवळा, टॉवेलने घाम पुसला म्हणून फ्राउकेचं कपाळ पिवळं. साक्षात मळवट भरल्यासारखी दिसत होती, आणि जर्मन!

निळ्या कोटातल्या सुपरवायझर बाई माझ्याकडे आल्या. "हे तुम्ही केलंत?"

"हो. पूजा आहे."

"चेंडू रंगतायत. दर दोन मिनिटांनी नवीन चेंडू काढतोय आम्ही."

"मॅडम, तुमच्या मोठमोठ्या कंपन्या दोऱ्यांवर आपला शिक्का रंगवतात, तो चालतो. मग कुंकू का नाही?"

"कारण तो वाळतो!"

बाईंनी निकाल दिला. हा सेट संपेपर्यंत काय ते खेळा, दुसऱ्या सेटला रॅकेट स्वच्छ पाहिजे, नाहीतर सामना गेला. फ्राउकेने चारही रॅकेट उघडून पाहिल्या. चारही मळवट भरलेल्या. मग तिने बॅगेतून पाचवी काढली, बिनदोरीची, आणि ते संपत आलेलं रीळ. माझ्या हातात दिलं. 

मी म्हटलं, "खेळ जा. हळू खेळ. वेळ काढ."

खोलीत परतले. मशीन माळ घालून बसलेलं. हसनचं मशीन होतं की शेजारी, असं तुम्ही म्हणाल. पण तो चिमट्यांच्या किल्ल्या खिशात घालून मशिदीत गेला होता, फोन बंद. म्हणजे माझंच. आता मांडलेल्या पूजेतलं मशीन तसंच ओढून कामाला लावायला माझा हात धजेना. तुम्ही हसाल, एका मुलीचं वर्ष जातंय आणि ही बाई पूजेचं बघतेय. पण उत्तरपूजेला लागतं काय? चार अक्षता वाहायच्या, नमस्कार करायचा, मूर्ती जराशी हलवायची, झालं. अक्षता वाहिल्या की मशीन मोकळं. डबी उघडली. रिकामी! सगळ्या अक्षता सकाळी रॅकेटवर उधळलेल्या.

कोर्टाबाहेर हॉकर सेंटर. पहिलाच स्टॉल चिकन राइसचा. मी पदर खोचून धावत गेले.

"अंकल, राइस! क्विक!"

"चिकन स्टीम ऑर रोस्ट?"

"नो चिकन! ओन्ली राइस! नॉट कुक्ड!"

अंकलनी चमचा खाली ठेवला. "आंटी, नॉट कुक्ड हाऊ टू ईट?"

"नॉट ईट! फॉर मशीन!"

रांगेतली माणसं एकेक पाऊल मागे सरकली. अंकलनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, ते कोपरापर्यंत लाल-पिवळे होते. मग पिंपातून मूठभर कच्चे तांदूळ काढून माझ्या ओंजळीत टाकले. भल्या माणसाने पैसे घेतले नाहीत, लवकर जावी म्हणून असेल.

अक्षता वाहिल्या. देवीचा टाक हलवला. म्हटलं, "आई, रागावू नकोस, एक दिवस आधी उठवतेय." माळ काढली आणि बसले. हात नीट चार वेळा धुऊन, बरं का.

टीव्हीत फ्राउके पहिला सेट हरली. उभ्या दोऱ्या माझ्या झाल्या होत्या. आडव्या ओढताना घाई करायची नसते, दोरीवर दोरी घासून जळते, म्हणून मी जीव मुठीत धरून सावकाश ओढत होते. आणि अगदी शेवटी, दोनच दोऱ्या उरल्या असताना, एका भोकातून दोरी शिरेना. काही भोकांतून दोन दोऱ्या जातात, पहिली दुसरीला वाट देत नाही. तेव्हा टोच्या घालून जागा करायची. मी टोच्या घातला आणि तो निसटला. पहिल्या दोरीला लागला. बघितलं तर पांढरा ओरखडा, नखाएवढा. रिळात दोरी नाही. पुन्हा करायला वेळ नाही. दार उघडून सुपरवायझर बाई उभ्या, हात पुढे. मी गाठ मारली आणि रॅकेट दिली.

मग मी खोलीत थांबलेच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर जाऊन प्रेक्षकांत बसले.

आणि काय सांगू, काय खेळत होती ती! मुक्या टीव्हीत कळायचंच नाही. बुटांचा आवाज, चेंडूचा टप्प असा आवाज, प्रत्येक फटक्याला तिचा हुंकार. कपाळ अजून पिवळंच, आणि मधूनमधून स्वतःशी हसत होती. कुंकवाचा तो गोंधळ झाल्यावर तिच्यातली भीतीच गेली होती जणू. लोक हसले होते तिला, आता आणखी काय वाईट होणार? वेणीवालीला चेंडू समोर दिसत असून सापडेना. फ्राउकेने दुसरा सेट घेतला. माझ्या बाजूच्या चिनी आजोबांनी मला खुशीत टाळी दिली. पण माझं अर्धं लक्ष त्या ओरखड्याकडे. दर चेंडूला मी मनात म्हणतेय, "धर गं बाई, धर."

तेवढ्यात हसन आला, टोपी अजून डोक्यावर. मी त्याला घाईघाईने सगळं सांगितलं.

"यू पुट टर्मरिक? ऑन ऑल?"

"ऑन ऑल."

"आणि चिकन राइसवाला?"

"हसन, नंतर हस! तिची एक रॅकेट घे, पिवळ्या दोऱ्या काप, तुझ्याकडची कसलीही दोरी घाल. ही कधीही तुटेल."

तो पळाला. परक्या दोरीची रॅकेट म्हणजे खेळाडूला दुसऱ्याची कवळी लावल्यासारखं वाटतं, पण बिनदोरीच्या रॅकेटपेक्षा बरं.

तिसरा सेट शेवटपर्यंत बरोबरीत. मग फ्राउके पुढे. एक गुण मिळाला की सामना तिचा. चेंडू इकडून तिकडे, इकडून तिकडे, कुणी सोडायलाच तयार नाही. वेणीवालीने एक असा लांब, खोल चेंडू मारला की फ्राउके पार मागे गेली, भिंतीला टेकायचीच बाकी. सगळा जीव एकवटून तिने रॅकेट फिरवली.

आणि टण्ण!

तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. दोरी तुटली. मी डोळे मिटले. इतका जोर लावलेला तो फटका, पण मधे दोरीच नाही, मग चेंडूला रेटणार कोण? वेणीवाली मागच्या रेषेपाशी वाट बघत उभी, आणि चेंडू आपला पिसासारखा, आळसावल्यासारखा, हलत डुलत जाळीपाशी आला. हे मला आजोबांनी नंतर सांगितलं. जाळीवर टेकला, जरा विचार केला आणि पलीकडच्या बाजूला टुपकन पडला. वेणीवाली धावली, पण तिथपर्यंत कोण पोचतंय!

मी डोळे उघडले ते आजोबा माझा खांदा गदागदा हलवत होते म्हणून. खाली फ्राउके दोन्ही गुडघ्यांवर बसली होती आणि त्या फाटक्या रॅकेटमधून हात आरपार घालून बघत होती. मग तोंड वर करून जी हसायला लागली, ती थांबेचना. हात मिळवताना वेणीवालीही हसायला लागली, स्वतःच्या पोटावरचा गुलाबी गोळा दाखवून. त्याच क्षणी दारातून हसन नवीन रॅकेट डोक्यावर धरून धावत आत आला आणि लोकांनी त्याच्यासाठीच टाळ्या वाजवल्या. त्याने वाकून स्वीकारल्यासुद्धा.

फ्राउके खोलीत आली ती मला उचलूनच. आमचं वजन काही कमी नाही, पण उचललं.

"आंटी, तुम्ही मुद्दाम केलंत! तुम्हाला माहीत होतं ती कधी तुटणार!"

"अगं नाही, टोच्या लागला होता. चुकून. माझ्या अख्ख्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट काम आहे."

"मुद्दाम केलंत!"

"हसन, सांग हिला."

हसनने मान डोलावली. "आंटी कॅल्क्युलेट एव्हरीथिंग," तो म्हणाला. "इव्हन द राइस."

झालं. ती गोष्ट खेळाडूंमध्ये पसरली, आणि मी जन्मभर ज्या हजारो रॅकेट चोख केल्या त्यांचं नाव कुणी घेत नाही. मुग्धाला फोन केला तर ती म्हणाली, "आई, जस्ट टेक द क्रेडिट लाह." आमचे हे म्हणाले, "पण तू दोरी बदलून का नाही घेतलीस?" इंजिनियर माणूस, त्यांना तोच प्रश्न पडणार.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुख्य स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत फ्राउकेची गाठ त्या स्पर्धेतल्या सगळ्यात वरच्या खेळाडूशी पडली. सकाळी ती पोहे खायला आली, तेव्हा मी जरा काळजीनेच विचारलं, "कसं होणार गं?"

"हरणार," ती तोंडात घास असतानाच म्हणाली. "हरू दे. आता हरायला माझ्याकडे अख्खं वर्ष आहे!"

आणि हरलीच हो, दणकून हरली. मी पुन्हा वर जाऊन बघितलं. पण कोर्टावरून ती अशी नाचत, दोन्ही हात हलवत बाहेर आली, की एका नवख्या पत्रकाराला वाटलं हीच जिंकली. जिंकलेल्या बाईला तशीच उभी ठेवून त्याने हिच्यासमोर माईक धरला आणि विचारलं, "ह्या विजयाबद्दल काय सांगाल?" फ्राउके त्याच्याशी चांगली दहा मिनिटं बोलली.